तगरचे धनी, खाडीचे राजे

ठाण्याच्या राजाला तेरचं काय पडलं होतं? दहाव्या-अकराव्या शतकात ठाण्याच्या खाडीवर बसून उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. तगर म्हणजे आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. ठाण्यापासून ते सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधे अख्खा सह्याद्री उभा. त्या काळात तेरवर या राजांची सत्ता असल्याचा पुरावा नाही. तरीही हे बिरुद त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडलं नाही. कोल्हापूरला राज्य करणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांनीही नाही. दक्षिण कोकणातल्या तिसऱ्या शाखेने मात्र आपला मूळ पत्ता वेगळाच दिला: सिंहल. हे सिंहल म्हणजे लंका की गोव्याच्या आसपासचा प्रदेश, यावर अभ्यासक अजून भांडतात.

शिलाहारांची तीन घराणी मिळून साडेचारशे वर्षांहून अधिक काळ कोकण आणि कोल्हापूर या पट्ट्यात टिकली. त्यांच्यापैकी कुणी सम्राट झाला नाही. बहुतेक काळ कुणाचे तरी मांडलिक राहिले. आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे. शालेय इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. पण मध्ययुगातलं राज्य म्हणजे नेमकं काय, ते कशावर उभं राहायचं, ते कोण चालवायचं, हे समजून घ्यायला सम्राटांपेक्षा हे मांडलिकच जास्त उपयोगी पडतात.

लातूर आणि तेर

तेरला आज गेलं तर विटांनी बांधलेलं त्रिविक्रमाचं जुनं देऊळ दिसतं. त्याची मागची बाजू गोलाकार आहे, चैत्यगृहासारखी. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातले मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती कोरीवकाम आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव येतं: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथलं कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. पुढे हा व्यापार ओसरला, शहर लहान झालं. त्याचा दबदबा मात्र लोकांच्या आठवणीत राहिला.

आता नकाशात तेरच्या पूर्वेला बोट सरकवा. पन्नास किलोमीटरच्या आत लातूर लागतं. राष्ट्रकूट सम्राटांचं बिरुद होतं 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरचे धनी. त्यांची राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. पण बिरुदात लातूर. धनी लातूरचे आणि त्यांनी कोकणात बसवलेले मांडलिक तेरचे, ही शेजारच्या गावांची जोडी योगायोगाची वाटत नाही. मराठवाड्यातली काही लढवय्यी घराणी एकमेकांच्या सोबतीने निघाली, एकाने दख्खन जिंकली आणि बरोबरच्यांना प्रांत वाटून दिले, असा अंदाज बांधायला इथे जागा आहे.

असे दूरचे पत्ते मिरवणारे शिलाहार एकटेच नव्हते. गोव्याचे कदंब स्वतःला 'बनवासीपुरवराधीश्वर' म्हणवत. सौंदत्तीचे रट्ट लातूरचं नाव लावत. देवगिरीच्या यादवांचं बिरुद थेट 'द्वारावतीपुरवराधीश्वर', म्हणजे कृष्णाच्या द्वारकेचं. यातला कुठला पत्ता खरा आणि कुठला प्रतिष्ठेसाठी घेतलेला, हे प्रत्येक घराण्यापुरतं तपासावं लागतं. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी लागू आहे. आपण इथले मूळचे आहोत, असं यातला एकही राजा सांगत नाही. उलट आपण दुसरीकडून आलो, हीच त्याच्या लेखी मोठेपणाची खूण आहे.

भिंत आणि तिच्या फटी

राष्ट्रकूटांनी इ. स. ८०० च्या सुमारास उत्तर कोकण कपर्दी नावाच्या शिलाहार सरदाराकडे सोपवलं. पुढे त्या प्रदेशालाच 'कपर्दिकाद्वीप' म्हणू लागले. दक्षिण कोकणच्या शाखेचा मूळ पुरुष सणफुल्ल. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने त्याला सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधला मुलूख मिळाला, असं त्या घराण्याचा ताम्रपट सांगतो. सह्य आणि सागर, या दोन शब्दांत त्या राज्याचा सगळा भूगोल आला.

कोकणची पट्टी रुंदीला जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, कुठे त्याहूनही कमी. पूर्वेला सरळ उभा कडा. पाऊस इतका, की भात सोडून मोठं पीक नाही. आणि जमीन इतकी डोंगराळ, की भाताची खाचरंही तुकड्या-तुकड्यांची. वर देशावर ज्वारी, कापूस, गुरं. खाली मीठ, नारळ, सुपारी, मासळी आणि समुद्रापलीकडून येणारा माल. दोन्हीकडच्यांना एकमेकांची गरज आणि मधे डोंगराची भिंत. त्या भिंतीला मोजक्या फटी: थळ, नाणे, बोर, कुंभार्ली, आंबा, बावडा, फोंडा. बैलांचे तांडे याच वाटांनी चढत-उतरत.

दुसरी गोष्ट खाड्यांची. वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, वाघोटण अशा नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखातून भरतीचं पाणी आत खोलवर शिरतं, त्यामुळे गलबतं डोंगराच्या पायथ्याजवळ पोचतात. पण याच खाड्यांमुळे किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणं महाकठीण होतं. दर काही कोसांवर होडी लागते. घोडदळ आणि हत्ती घेऊन ठाण्याहून राजापूरकडे निघालेल्या सेनापतीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. सगळं कोकण एका राजाच्या हाताखाली फार काळ का राहिलं नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उत्तरेकडच्या शिलाहारांचं राज्य ठाणे, सोपारा आणि चौलच्या खाड्यांभोवती. दक्षिणेकडच्यांचं बलिपत्तन आणि खारेपाटणभोवती. तिसरं घराणं घाटमाथ्यावर, जिथे फोंडा, बावडा आणि आंबा या घाटांच्या वाटा वर येऊन कोल्हापूरच्या मैदानात मिळतात.

खारेपाटणला मी गेलो तेव्हा ओहोटी होती आणि नदीच्या पात्रात गाळ उघडा पडला होता. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना हे एक लहानसं बाजारगाव वाटतं. पण समुद्रापासून इतक्या आत बंदर का होतं, हे काठावर उभं राहिलं की लगेच कळतं. भरतीवर स्वार होऊन आलेलं गलबत इथे रिकामं करायचं आणि माल बैलांच्या पाठीवर लादून घाटाची वाट धरायची. वादळापासून आणि चाच्यांपासून गलबत सुरक्षित, वर घाट जवळ.

एका ताम्रपटाचा जमाखर्च

याच गावात शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला. दक्षिण कोकणच्या शाखेची वंशावळ त्यामुळेच आपल्याला ठाऊक आहे. धम्मियर या राजाने बलिपत्तन वसवलं आणि ऐयपाने गोव्यातलं चंद्रपूर, म्हणजे चांदर जिंकलं, हे त्यातच आहे. गंमत म्हणजे या मांडलिकाने आपल्या वंशावळीआधी धन्याची वंशावळ दिली आहे. राष्ट्रकूटांची सगळी यादी सांगून मग त्यांना बुडवणाऱ्या चालुक्यांची. धनी बदलला होता आणि जुन्याबद्दलची हळहळ लपत नव्हती.

पण त्याहून मोलाचा आहे तो दानाचा तपशील. अव्वेश्वर या शिवमंदिराला रट्टराजाने तीन गावं दिली. शिवाय परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनं, आणि कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक धरण सोनं. चेमुल्य आणि चंद्रपूरची गलबतं यातून वगळली. चेमुल्य म्हणजे चौल. देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च समुद्रावरून येत होता. दान स्वीकारणारा आत्रेय हा मत्तमयूर पंथाचा शैव आचार्य. या पंथाचे मूळ मठ मध्य भारतात. देवळासाठी परिचारिका, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची घरंही नेमून दिली होती.

एका पत्र्यावर सगळं राज्य मांडलेलं आहे: घराणं सिंहलचा पत्ता सांगणारं, गुरू मध्य भारतातल्या परंपरेचा, पैसा परक्या गलबतांचा, आणि राबणारे हात गावचे. मध्ययुगातलं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. इथे ती जवळजवळ दिसत नाही. दिसते ती जकात.

मधुमती नावाचा सुभेदार

जकात हवी तर गलबतं यायला हवीत, आणि गलबतं यायला हवी असतील तर ती आणणाऱ्यांना राहायला जागा, न्याय आणि मान द्यावा लागतो. कोकणच्या राजांनी हे फार लवकर ओळखलं होतं.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार तेव्हा 'ताजिक' वंशाचा मधुमती पाहत होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या मुसलमान सुभेदाराने नदी ओलांडायला फुकट होडीची सोय केली, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप देणारं अन्नछत्र घातलं, आणि अन्नैया नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन दिली. दानपत्र संस्कृतात आहे, नेहमीच्या पद्धतीने, दान मोडणाऱ्याला नरकाची भीती घालणारं.

त्याच्या दहा वर्षं आधी, ९१६ साली, बगदादचा प्रवासी अल्-मसूदी सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, इथेच लग्न करून स्थायिक झालेले, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. त्यांच्यातल्याच एकाला राजाने त्यांचा प्रमुख नेमलं होतं. तेव्हाच्या राजाचं नाव मसूदीने 'जंजा' असं दिलं आहे. हा उत्तर कोकणचा शिलाहार झंझ. झंझाने आपल्या नावाने बारा शिवमंदिरं बांधल्याचं त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. एकाच राजाच्या राज्यात ही दोन्ही कामं चालू होती आणि त्यात कुणाला विसंगती दिसली नाही.

पारशांचंही तसंच. त्यांच्या आगमनाची कथा सांगणारं 'किस्सा-इ-संजान' हे काव्य १६०० च्या सुमाराचं, म्हणजे खूप नंतरचं. पण शिलाहारकाळातले समकालीन पुरावे दगडात आहेत. बोरिवलीजवळच्या कान्हेरीत एका लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत पारशी यात्रेकरूंची नावं कोरली आहेत, १००९ आणि १०२१ या सालांची. शिलाहारांच्या दानपत्रांत ज्यांना राजाज्ञा कळवायची त्यांच्या यादीत 'हंजमान' येतो. ही पारशांची अंजुमन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. याच कान्हेरीत शके ७७५ च्या लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर या बौद्ध उपासकाचं दान आहे. त्याने भिक्षूंसाठी ध्यानगृहं करवली आणि शंभर द्रम्म ठेव म्हणून दिले. वर सम्राट अमोघवर्षाचं नाव, खाली शिलाहार मांडलिकाचं.

गोव्यातली गोष्ट तर एखाद्या कादंबरीत शोभावी. कदंब राजा गुहल्लदेव सोमनाथच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला आणि वाटेत त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली. गोपकपट्टणच्या मदुमद या श्रीमंत ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. त्या मदुमदाचा नातू छडम हा पुढे जयकेशी राजाचा गोपकपट्टणचा अधिकारी झाला. अकराव्या शतकाच्या मध्यातला पणजीचा ताम्रपट हे सगळं सांगतो, आणि छडमाने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी गलबतांवर बसवलेल्या कराचीही नोंद देतो. खारेपाटणला शिवमंदिरासाठी जी तजवीज, तीच गोव्यात मशिदीसाठी.

घाटावरचं घराणं

कोल्हापूरच्या शिलाहारांकडे समुद्र नव्हता, पण समुद्राकडे जाणाऱ्या वाटा होत्या. त्यांचे लेख संस्कृतात आणि कन्नडात आहेत. ते महालक्ष्मीचे भक्त, पण त्यांच्या राज्यात जैनांना मोठा आश्रय होता. या घराण्यातल्या गंडरादित्य राजाचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली. खुद्द गंडरादित्याने 'गंडसमुद्र' नावाचा मोठा तलाव खोदवला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची मंदिरं उभी केली. पर्जन्यछायेच्या तोंडावरच्या या मुलखात राजाचं मोठेपण असं तळ्याने मोजलं जाई.

ऐहोळेहून पसरलेल्या वीर बणंजु व्यापारी संघाचं जाळंही इथे होतं. शके १०५८ च्या, म्हणजे इ. स. ११३६ च्या कोल्हापूरच्या कन्नड शिलालेखात वेगवेगळ्या गावांचे व्यापारी एकत्र येऊन बसदीसाठी आपल्या मालावर स्वतःच कर बसवताना दिसतात. राजाशिवायही बाजार आपले निर्णय घेत होता, असाच याचा अर्थ.

दक्षिण कोकणची शाखा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात बुडाली. चालुक्य जयसिंहाने १०२४ च्या मिरज ताम्रपटात सप्तकोकणं जिंकून कोल्हापुराजवळ तळ दिल्याचं सांगितलं आहे. पुढे ती किनारपट्टी कोल्हापूरच्या घराण्याने आपल्याकडे ओढली, कारण घाटाचं वरचं तोंड हातात असेल तर खालचंही हवंसं वाटतंच. शके १११३ मध्ये दुसऱ्या भोजाने राजापूरकडचं कशेळी हे गाव रोज बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी दान दिलं. कशेळीच्या कनकादित्य मंदिरात त्या ताम्रपटाबद्दल आजही अभिमानाने सांगितलं जातं. याच भोजाच्या काळात, १२०५ मध्ये, आजऱ्याला सोमदेव या जैन पंडिताने 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ पुरा केला. बावडा आणि पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत किल्ल्यांची रांग उभी केल्याचं श्रेयही परंपरा भोजालाच देते. प्रत्येक किल्ला एकेका वाटेवर डोळा ठेवून आहे, हे नकाशा पाहिला की पटतं.

जकात माफ

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकणची घडी विस्कटली. गोव्याच्या जयकेशीने स्वारी केली. ठाण्याचा राजा मुम्मुणी त्यात पडला. त्याच मुम्मुणीच्या काळातला शके ९८२ चा लेख अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. भाऊबंदकीत देश यवनांनी नासवला, असं पुढच्या अनंतदेवाचा ताम्रपट म्हणतो. हे यवन म्हणजे कदंबांच्या आरमारातले मुसलमान खलाशी असावेत, असा अनेकांचा तर्क आहे.

अनंतदेवाने मुलूख परत मिळवला. आणि मग त्याने काय केलं? शके १०१६ मध्ये, म्हणजे इ. स. १०९४ मध्ये, बलिपत्तनच्या भाभण आणि धनम या दोन श्रेष्ठी भावांना ठाणे, सोपारा, चौल आणि नागपुर (हे कोकणातलं) या बंदरांत जकात माफ केली. दोघं त्याचे प्रधानही होते. विस्कटलेल्या राज्यात पहिल्यांदा व्यापारी परत आणावे लागतात, हे त्याला कळत होतं. बाराव्या शतकातल्या अपरादित्याने तर तेजकंठ या पंडिताला थेट काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठवलं, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरची अपरादित्याची 'अपरार्क' टीका काश्मिरात प्रमाण मानली गेली. खाडीकाठच्या छोट्या राज्याचा हात असा लांबवर पोचत होता.

शेवट मात्र घाटावरून आला. यादव सिंघणाने १२१२ च्या सुमारास पन्हाळ्याच्या भोजाचा पाडाव केला. खिद्रापूरच्या कोपेश्वराला त्याने शके ११३६ मध्ये गाव दिल्याचा लेख मंदिरात आहे. १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने ठाण्याच्या सोमेश्वरावर हत्ती घातले. जमिनीवर हरलेला सोमेश्वर गलबतात चढला आणि समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याने वडवानल पत्करला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री मोठ्या ऐटीत लिहितो. बोरिवलीतल्या एकसर इथल्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या गलबतांची लढाई कोरली आहे. अनेक अभ्यासक ती याच युद्धाची मानतात. यादवांनी मग ठाण्याला आपले अधिकारी नेमले. १२७३ आणि १२९० च्या ताम्रपटांत त्यांची नावं आहेत. बंदरं तीच, घाट तेच, जकातही तीच. फक्त ती आता देवगिरीला जाऊ लागली.

हिशेब

भूगोलाने या राज्यांना आकार दिला, असं म्हणणं सोपं आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. खाडी आणि घाट सातवाहनांच्या आधीही होते. त्यांतून राज्य उभं राहिलं ते माणसं आली म्हणून: तेरकडून सरदार, ओमानहून व्यापारी, इराणहून अग्निपूजक, ऐहोळेहून वाणी, मध्य भारतातून शैव आचार्य. भूगोलाने त्यांना भेटायच्या जागा ठरवून दिल्या. त्या जागी बसून आलेल्यांना सामावून घेण्याची हुशारी ज्या राजाने दाखवली, तो टिकला. शिलाहार मोठे योद्धे नव्हते, पण ही हुशारी त्यांच्याकडे होती. कोकणातला खरा भूमिपुत्र कोण, हा वाद आज ज्यांना घालायचा असेल त्यांनी आधी हे ताम्रपट वाचावेत. त्यांत राजासकट सगळेच कुठून तरी आलेले आहेत.

आणि हे वाचायची सोय आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा खंड १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सगळेच लेख पुस्तकात आलेले नाहीत. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या गावांत शिलाहारकाळातले गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, अजून शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, रस्त्याच्या कडेला पडून आहेत. कुठे त्यांना शेंदूर फासला जातो, कुठे रस्तारुंदीत ते गाडले जातात. तुमच्या गावात असा दगड असेल तर तो हलवू नका आणि रंगवू नका. त्याचे फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.